चष्म्याला पर्याय : काय सुटते आणि काय उरते

वार्षिक अहवालात जमाखर्च व कामकाजाच्या वृत्तांताबरोबर एखादा वैद्यकीय विषय सोप्या शब्दांत मांडावा, अशी आमची प्रथा आहे. देणगीदार व विश्वस्त यांना रुग्णालयातील कामाचे स्वरूप कळावे आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना घरी बसून शांतपणे निर्णय घेता यावा, हा त्यामागील हेतू. यंदाचा अभ्यासलेख नेत्रविभागाचा आहे आणि त्याचा विषय आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज निघणारा आहे : चष्म्यावाचून नीट दिसण्याचे उपाय कोणते?

हा प्रश्न बहुधा रुग्ण विचारीत नाही, सोबत आलेले वडीलधारे विचारतात. मुलीचे लग्न जमवायचे असते, मुलाला पोलीसभरतीस उतरायचे असते, तर कधी शेजारच्या घरात कोणाचा तरी चष्मा गेलेला असतो. प्रश्न एकाच वाक्यात येतो : "डॉक्टर, चष्मा कायमचा जाईल ना?" या प्रश्नाचे उत्तर "होय" किंवा "नाही" असे एका शब्दात देता येत नाही. चष्म्याला आज अनेक पर्याय आहेत व त्यांतील काही उत्तम आहेत. परंतु त्या सर्वांबाबत एक गोष्ट खरी आहे : चष्मा सुटतो, डोळा तोच राहतो. हे नीट समजले, की पुढचे निर्णय पुष्कळ सोपे होतात.

नंबर म्हणजे काय?

डोळ्यात शिरणारा प्रकाश आतील दृष्टिपटलावर, म्हणजे ज्याला आपण डोळ्याचा पडदा म्हणतो त्यावर, नेमका एकवटला पाहिजे. हे काम दोन घटक करतात. पुढील पारदर्शक काचेसारखा भाग म्हणजे पारपटल, ज्याला आपण कॉर्निया म्हणतो, आणि त्यामागे असलेले नैसर्गिक भिंग. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते व तिचा सुमारे दोनतृतीयांश वाटा एकट्या पारपटलाचा असतो.

प्रौढ माणसाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे २३ ते २४ मिलिमीटर असते. ही लांबी एक मिलिमीटरने वाढली, तर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा मायनस नंबर येतो. प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकवटतो आणि दूरचे धूसर दिसते. ही निकटदृष्टिता. डोळा आखूड असेल तर उलट स्थिती होते, ती दूरदृष्टिता. पारपटलाची वक्रता सर्व बाजूंनी सारखी नसेल तर तिरकस, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर येतो. चाळिशीनंतर भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे वाचता येत नाही. तिला आपल्या भाषेने वयाचेच नाव दिले आहे : चाळिशी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नंबर हा डोळ्याचा आजार नसून बहुतेक वेळा डोळ्याच्या मापाचा फरक आहे. म्हणून चष्म्याचा प्रत्येक खरा पर्याय प्रकाशाची वाट बदलतो. लांब झालेला डोळा आखूड करणारा उपाय आज तरी उपलब्ध नाही.

व्यायामाने नंबर जातो का?

अमेरिकेतील विल्यम बेट्स या नेत्रवैद्याने १९२० मध्ये पुस्तक लिहून डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा घालविता येतो असा दावा केला. त्याची छाया आजही अनेक शिबिरांवर व जाहिरातींवर आहे. डोळे मिटून विश्रांती घेणे, मधूनमधून दूर पाहणे, पापण्यांची उघडझाप करणे यांनी थकलेल्या डोळ्यांना बरे वाटते, हे आम्हीही सांगतो. परंतु मिलिमीटरमध्ये मोजता येणारी डोळ्याची लांबी या व्यायामाने कमी होत नाही. काही जणांना नंतर तक्ता अधिक चांगला वाचता येतो, त्याचे कारण सराव व डोळे बारीक करून पाहण्याची सवय हे असते. बारीक फटीतून किंवा छिद्रातून पाहिले की अंधुक आकृती स्पष्ट होते, हे कोणालाही कागदाला टाचणीने छिद्र पाडून अनुभवता येईल.

मोठ्यांनी असा प्रयोग केला तर वेळ वाया जातो, इतकेच. लहान मुलांचे तसे नाही. एका डोळ्याला जास्त नंबर असलेल्या मुलाचा चष्मा काढून ठेवला, तर तो डोळा आळशी होतो आणि वय वाढल्यावर चष्मा देऊनही त्याची दृष्टी पुरती येत नाही. मुलाचा चष्मा कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

कॉन्टॅक्ट लेन्स

चष्म्याचे भिंग डोळ्यासमोर न ठेवता थेट पारपटलावर ठेवण्याची कल्पना जुनी आहे. झुरिच येथे आडोल्फ फिक यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या अशा भिंगांचा प्रयोग केला. ती जड होती व थोडाच वेळ सहन होत. मऊ लेन्सचे श्रेय प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांना जाते. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातील तुकडे वापरून घरीच एक यंत्र तयार केले आणि त्यावर पाणी शोषणाऱ्या प्लॅस्टिकची मऊ भिंगे बनविली.

आज दिवसभर वापरून रात्री काढावयाच्या, महिन्याने टाकून द्यावयाच्या आणि एका दिवसापुरत्या अशा अनेक प्रकारच्या लेन्स मिळतात. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असणाऱ्यांना, खेळाडूंना व रंगमंचावर काम करणाऱ्यांना त्या फार उपयोगी पडतात. शस्त्रक्रिया नको असणाऱ्या तरुणासाठी हा सर्वांत सोपा व कोणत्याही दिवशी मागे घेता येण्याजोगा पर्याय आहे.

मात्र त्याचे पथ्य कडक आहे. पारपटलाला रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो. लेन्स घालून झोपल्यास हा पुरवठा घटतो व जंतूंना वाव मिळतो. १९८९ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, लेन्स रात्री काढून ठेवणाऱ्या दर १० हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ४ जणांच्या पारपटलावर जंतुसंसर्गाची जखम झाली. लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २१ होते. अशी जखम भरली तरी डोळ्यात फूल पडून दृष्टी कायमची कमी होऊ शकते. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने लेन्स धुणे, ती घालून पोहणे, हात न धुता ती हाताळणे आणि कालचेच द्रावण आज पुन्हा वापरणे या चार चुका टाळल्या, तर बहुतांश संकट टळते. पाण्यातील एक सूक्ष्म परजीवी पारपटलात शिरला, तर त्यावरील उपचार कित्येक महिने चालतो. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा प्रकाश सहन होईनासा झाला, तर लेन्स त्याच क्षणी काढून त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे रात्री घालून सकाळी काढावयाच्या कडक लेन्स. त्या झोपेत पारपटलाचा मध्यभाग किंचित सपाट करतात, त्यामुळे दिवसभर चष्म्यावाचून दिसते. परंतु लेन्स घालणे थांबविले, की काही दिवसांत पारपटल पूर्ववत होते व नंबर परत येतो. शिवाय त्या झोपेतच वापरावयाच्या असल्याने स्वच्छतेचे पथ्य दुप्पट कडक ठेवावे लागते.

लेसर शस्त्रक्रिया

लेसरच्या इतिहासात एका भारतीय नावाला मानाचे स्थान आहे. मद्रास येथे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ मध्ये तेथील एका सणाच्या जेवणातून उरलेले टर्की पक्ष्याचे मांस त्यांनी प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर एक्सायमर लेसर टाकून पाहिला. भोवतालचा भाग न जळता अत्यंत रेखीव छेद मिळाला. पुढे १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासमवेत हे तंत्र पारपटलावर वापरता येते असे दाखविले. अमेरिकेत लेसरने नंबर काढण्याच्या शस्त्रक्रियेस १९९५ मध्ये शासकीय मान्यता मिळाली.

आज तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत पारपटलावरील नाजूक त्वचा बाजूला करून पृष्ठभागावर लेसर चालवितात. ही त्वचा पुन्हा भरेपर्यंत काही दिवस डोळा दुखतो. दुसरी लॅसिक. हिच्यात पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेसर चालवितात व पापुद्रा पुन्हा जागेवर बसवितात. तिसरी स्माइल. हिच्यात पापुद्रा न उचलता आतल्या आत एक चकती कापून लहानशा छेदातून बाहेर काढतात. तिन्हींचे तत्त्व एकच आहे : पारपटलाचा थोडा भाग कायमचा काढून त्याचा आकार बदलणे.

म्हणूनच येथे थोडे गणित करावे लागते, आणि हे गणित रुग्णाच्या कुटुंबीयांनाही यावे असे आम्हांस वाटते. पारपटलाची मध्यभागी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. लॅसिकचा पापुद्रा सुमारे ११० मायक्रॉनचा असतो. प्रत्येक एका नंबरासाठी सुमारे १२ ते १५ मायक्रॉन भाग खर्ची पडतो. शेवटी पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन भाग शिल्लक राहिलाच पाहिजे. पुष्कळ शल्यविशारद ३०० चा आग्रह धरतात.

आता दोन डोळे घेऊ. पहिल्याची जाडी ५४० व नंबर उणे ४. पापुद्र्याचे ११० आणि नंबराचे ६० वजा करता ३७० उरतात. जाडीच्या कसोटीला हा डोळा उतरतो. दुसऱ्याची जाडी ४८० व नंबर उणे ९. पापुद्र्याचे ११० आणि नंबराचे १३५ वजा करता २३५ उरतात. येथे लॅसिक करणे म्हणजे भिंत पातळ करून घर मोठे करण्यासारखे आहे. डोळ्याच्या आतील दाबाने असे पारपटल पुढे फुगत जाण्याचा धोका असतो.

जाडीखेरीज इतरही अटी आहेत. वय १८ वर्षे पूर्ण असावे, नंबर किमान एक वर्ष स्थिर असावा, गर्भारपण व अंगावर पाजण्याचा काळ नसावा, डोळ्यांत फार कोरडेपणा नसावा आणि पारपटलाचा नकाशा निर्दोष असावा. शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे वाटणे आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हे अनेकांना अनुभवावे लागते. काही थोड्यांना हा त्रास दीर्घकाळ राहतो. भरतीसाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या तरुणांनी त्या पदाचे वैद्यकीय नियम आधी वाचावेत, कारण ते प्रत्येक सेवेत वेगळे असतात.

येथे एक अनुभव सांगणे योग्य ठरेल. लग्न ठरण्याच्या बेतात असलेल्या एका मुलीला तिचे वडील आमच्याकडे लेसरसाठी घेऊन आले. चष्म्याचा नंबर फार नव्हता आणि पैशांचीही तजवीज त्यांनी केली होती. पारपटलाचा नकाशा काढला असता खालचा भाग पुढे आलेला दिसला. हा केरॅटोकोनस नावाचा विकार होता. पारपटल कमकुवत होऊन शंकूसारखे पुढे येते आणि त्यावर लेसर चालविल्यास ते अधिकच वेगाने बिघडते. आम्ही शस्त्रक्रियेस नकार दिला. वडील नाराज झाले. "दुसरीकडे करून घेऊ," असेही म्हणाले. नकाशा समोर ठेवून, मुलीलाच खुर्चीवर बसवून आम्ही सर्व समजावून सांगितले. प्रश्न तिनेच विचारला, "मग माझी नजर राहील का?" त्यानंतर चष्म्याचा विषय मागे पडला. जीवनसत्त्व ब-२ चे थेंब टाकून विशिष्ट अतिनील किरणांनी पारपटल बळकट करण्याचा उपचार तिच्यावर करण्यात आला. पुढे कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावून ती व्यवस्थित वाचू लागली. त्या दिवशी आम्ही "होय" म्हटले असते, तर तिचा चष्मा गेला असता आणि काही वर्षांत कदाचित नजरही. एखाद्या रुग्णालयाने दिलेला नकार हाही कधी कधी उपचारच असतो.

डोळ्यात बसवावयाचे भिंग

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी मानवी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. युद्धकाळात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या प्लॅस्टिकचे कण डोळा निमूट सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. त्या निरीक्षणातून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे आजचे रूप उभे राहिले.

चष्मा घालविण्यासाठी याचे दोन उपयोग होतात. नंबर फार मोठा किंवा पारपटल पातळ असेल, तर नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे व बुबुळाच्या मागे एक पातळ भिंग बसविता येते. वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या डोळ्यासारख्या रुग्णांना हा मार्ग खुला असू शकतो, मात्र डोळ्याच्या पुढील कप्प्यात पुरेशी जागा हवी. हे भिंग पुढे काढता येते, हा त्याचा गुण. डोळ्यातील दाब वाढणे व लवकर मोतीबिंदू होणे हे धोके लक्षात ठेवून नियमित तपासणी मात्र करावी लागते.

दुसरा उपयोग मोतीबिंदूच्या वेळी होतो. आपले भिंग काढल्यावर योग्य शक्तीचे कृत्रिम भिंग बसविले, की दूरचा चष्मा बहुधा सुटतो किंवा अगदी कमी नंबराचा उरतो. आमच्या रुग्णांपैकी अनेक ज्येष्ठांचा जाड चष्मा असाच गेलेला आहे. साध्या भिंगानंतर वाचण्यासाठी चष्मा लागतोच, हे मात्र आधीच समजून घ्यावे. तरुण वयात केवळ चष्म्यासाठी निरोगी भिंग काढून टाकण्याचा सल्ला आम्ही सहसा देत नाही. त्याने जवळ पाहण्याची नैसर्गिक शक्ती जाते आणि लांब डोळ्यांत पडदा सरकण्याचा धोका वाढतो.

चाळिशीचे थेंब

डोळ्यात थेंब टाका व वाचण्याचा चष्मा विसरा, अशा बातम्या २०२४ मध्ये आपण वाचल्या असतील. पायलोकार्पिन हे औषध नवे नाही, ते काचबिंदूसाठी पूर्वापार वापरात होते. त्याने बाहुली आकुंचन पावते व टाचणीच्या छिद्रातून पाहिल्याप्रमाणे जवळचे काही तास स्पष्ट दिसते. अमेरिकेत २०२१ मध्ये चाळिशीसाठी त्यास मान्यता मिळाली. भारतात मुंबईच्या एका कंपनीच्या अशा थेंबांना ऑगस्ट २०२४ मध्ये मिळालेली परवानगी, प्रसिद्धीतील दाव्यांवरून औषध नियंत्रकांनी सप्टेंबरमध्ये स्थगित केली. डोकेदुखी व मंद उजेडात कमी दिसणे हे या औषधाचे ज्ञात त्रास आहेत आणि जास्त मायनस नंबर असणाऱ्यांनी ते पडदा तपासल्यावाचून वापरू नये. भिंगाची लवचीकता त्याने परत येत नाही.

मुलांचा नंबर वाढू न देणे

पालकांना आम्ही सांगू इच्छितो की, खरा उपाय शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी सुरू होतो. चीनमधील ग्वांगजाऊ येथील शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक मोकळ्या आकाशाखाली नेण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला, तर इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. यासाठी पैसा लागत नाही, अंगण किंवा मैदान लागते. नंबर झपाट्याने वाढणाऱ्या मुलांसाठी अत्यल्प प्रमाणातील ॲट्रोपिनचे थेंब किंवा विशेष भिंगे यांचा उपयोग होतो. ते नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावेत.

काय उरते?

मोठ्या मायनस नंबराचा डोळा लांब असतो व त्याचे दृष्टिपटल ताणलेले असते. लेसरने पुढचा पृष्ठभाग बदलला तरी मागचा पडदा तसाच ताणलेला राहतो. एक गृहस्थ लेसर करून घेतल्यावर कित्येक वर्षे डोळे तपासण्यास कोठेही गेले नाहीत. "चष्माच नाही, मग तपासायचे काय?" हा त्यांचा प्रश्न होता. ते आमच्याकडे आले तेव्हा पडदा सरकलेला होता. शस्त्रक्रियेने तो बसविता आला, पण पूर्वीची दृष्टी पूर्णपणे आली नाही. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढणे, विजेसारखी चमक दिसणे किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे ही धोक्याची लक्षणे आहेत. तेव्हा एक दिवसही थांबू नये.

आणखी दोन गोष्टी उरतात. लेसरनंतर पारपटल पातळ झाल्याने डोळ्यातील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो व काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. तसेच पुढे मोतीबिंदू झाल्यास भिंगाची शक्ती ठरविण्याचे गणित चुकण्याचा संभव असतो. म्हणून लेसरपूर्वीचा नंबर, पारपटलाची मापे व नकाशा यांचे कागद घराच्या दस्तऐवजांइतकेच जपून ठेवावेत आणि प्रत्येक नेत्रतज्ज्ञास आपली शस्त्रक्रिया सांगावी.

समारोप

चष्मा हा या सर्वांमध्ये सर्वांत स्वस्त, सर्वांत निर्धोक व रोज बदलता येण्याजोगा उपाय आहे. ज्याला चष्म्याने पूर्ण दिसते, त्याने कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला गरज आहे, ज्याचा डोळा योग्य आहे व ज्याने पुढील तपासण्यांची तयारी ठेवली आहे, त्याने जरूर पर्यायांचा विचार करावा.

देणगीदारांसमोर एक वस्तुस्थिती ठेवून हा लेख संपवितो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी उलटलेल्या कामगारांना जवळचे दिसण्याचे चष्मे दिले असता, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्के अधिक वाढली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याकडेही सुईत दोरा ओवणारी शिंपीण, धान्य निवडणारी आजी आणि फळा न दिसणारे मूल यांना चष्म्याच्या पर्यायाची नव्हे, तर पहिल्या चष्म्याची प्रतीक्षा आहे. आपण दिलेल्या देणगीतून आधी तो चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढावा आणि नंतर ज्यांचा उतरविणे हिताचे आहे त्यांचा उतरावा, हाच क्रम आम्ही पाळीत आलो आहोत.